गळकं तळं

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई आणि तिचा दीर रांगेत उभे होते.

"वहिनी, तळ्याला जाड प्लास्टिकच घेऊ. एकदाचा काय तो निकाल लागेल."

"घालून झालं, भाऊजी. ओढा परसाला लागून. खालून पाणी चढलं आणि प्लास्टिक फुगून म्हशीच्या पाठीसारखं वर आलं."

"मग सिमेंट?"

"तडकलं. आता चिकणमाती. तुमचे अप्पा दिवसभर पायांनी तुडवत असतात. गुडघ्यापर्यंत चिखल, पण स्वारी खुशीत."

"या वयात? हे तळ्याचं खूळ काढलं कोणी?"

"तुम्हीच! फोनवर म्हणालात ना, अप्पांना काही उमगत नाही, सारखे ओढ्यात जाऊन उभे राहतात, घरीच कशात तरी गुंतवा."

"म्हणालो खरा. पण पाणी धरतं का तरी?"

"मागच्या आठवड्यात धरलं. काठोकाठ."

"मग झालं की काम!"

"झालं ना. अप्पांनी हातपाय धुतले, काठी घेतली आणि निघाले ओढ्याकडे. छातीएवढ्या पाण्यातून शेजाऱ्यांनी ओढून काढलं."

"बोलला नाहीत मला! आणि तळं?"

"दुसऱ्या दिवसापासून गळतंय. अप्पा पुन्हा माती तुडवतायत."

"भरलेलं तळं असं अचानक कसं गळेल?"

"दुपारी त्यांचा डोळा लागला होता. मी पहार घेऊन आत उतरले."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"बोला साहेब, प्लास्टिक ना?"

"नको. एक घमेलं द्या. आणि हलकी पहार आहे का? वहिनींना पेलेल अशी."