पोटातली आठवण

अध्यक्षस्थानी असलेले आदरणीय गोविंदराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो आहोत त्या डॉक्टर मृदुलाताई, आणि कोयलीपासून मकरपुऱ्यापर्यंत कुठून कुठून आलेल्या बडोदेकर बंधुभगिनींनो, मी कुसुमावती. सर्वांना नमस्कार.

मेंदू आणि भावना यांवर ताईंनी केवढं संशोधन केलं, ते विद्वान मंडळींनी आत्ताच सांगितलं. मी आमच्या घरात काय घडलं तेवढंच सांगते.

आमची सानवी शिकायला कॅनडाला निघाली, तेव्हा विमानतळावर मी ढसाढसा रडले. आमचे हे, पद्माकरराव, बॅगांची कुलपं तपासत होते. पुढेही कुणी विचारपूस केली, की यांचं उत्तर ठरलेलं, आपलं गुजरातीतलं 'मजामा', म्हणजे अगदी मजेत. पोटची पोर दूर गेल्यावर बाप मजामा कसा असेल? मी त्यांना दगड म्हटलं. मग आमचं बोलणं भाजी-दुधापुरतंच उरलं.

अशात ताईंना अभ्यासासाठी जोडपी हवी होती, म्हणून आम्ही गेलो. मेंदू तपासायच्या मशीनमध्ये झोपवून चित्रं दाखवली, काय वाटलं ते विचारलं. नंतर ताईंनी सगळ्यांना समजावलं, की मेंदूचे भाग एकमेकांशी सतत बोलत असतात आणि ही बोलाचाली प्रत्येकाची निराळी असते. बहुधा म्हणूनच एकाला हुरहूर, काळजी, विरह असं सगळं वेगवेगळं कळतं, तर दुसऱ्याला नुसतंच कसंतरी होतं. मी लगेच विचारलं, यांना माया कमी आहे हे दिसलं का मशीनमध्ये?

ताई म्हणाल्या, "माया किती, हे मशीन सांगत नाही. त्यांनाच विचारा. पण काय वाटतं असं नका विचारू, कुठे वाटतं ते विचारा."

घरी येऊन विचारलं. हे म्हणाले, "पोटात. सानवीचा फोन आला नाही, की खड्डा पडतो. मला वाटायचं, पित्त आहे."

तोवर हा माणूस पित्ताच्या गोळ्या खात होता! हसा, हसा. मीही हसले, डोळे पुसत.

त्याच संध्याकाळी यांनी स्वतःहून सानवीला फोन लावला आणि हे जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून पोर म्हणाली, "बाबा, मलाही तिथेच होतं. मी समजत होते, इथलं जेवण मानवत नाही."

ताई, आमच्या घरातले बाप-लेक तुमच्यामुळे एकमेकांना सापडले. तुमचे आभार मानावेत तितके थोडेच. माझ्या बोलण्यात शास्त्राची चूक झाली असेल तर ती ताईंनी, आणि वेळेची झाली असेल तर अध्यक्षांनी पदरात घ्यावी.