तिसऱ्या मजल्यावरच्या तीन शिट्ट्या

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सगळ्यांच्या दाढा जवळून ओळखणारे दंतवैद्य, पंख्याखालची खुर्ची मिळवलेल्या प्रमुख पाहुण्या, आजच्या सत्कारमूर्ती सिस्टर, रहिवासी मंडळाचे पदाधिकारी, समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, आणि मागे आत्तापासूनच चहाच्या टेबलाला टेकून उभ्या असलेल्या मंडळींनो. चहा भाषणानंतर आहे. बसून घ्या.

मी एरवी भाषण लिहून आणत नाही. आज आणलं आहे, कारण मंगळवारी जिन्यात मी खोटं बोलले. सिस्टर रिकामी खोकी घेऊन वर चालल्या होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, रविवारी माझं सामान हलतंय. जाण्याआधी एकदा कळू दे. ते निनावी पत्र काकांनीच लिहिलं होतं ना?" मी म्हणाले, "कुठलं पत्र?" आणि दूध उतू जातंय असं सांगून घरात शिरले. दूध तेव्हा फ्रीजमध्ये होतं. आज तोंडी बोलायला उभी राहिले असते, तर पुन्हा दुधावर गेले असते. म्हणून हा कागद.

नवीन बिऱ्हाडकरूंसाठी थोडं सांगायला हवं. सिस्टर तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि बावीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या. मी पहिल्या मजल्यावर राहते आणि बस आगारात वेळापत्रकं आखायचे. दुसऱ्या मजल्यावर संगणकावर काम करणारं जोडपं आहे. चौथ्या मजल्यावर काका आहेत, ज्यांच्या कात्रीखालून या सभागृहातली निम्मी डोकी गेली आहेत. आम्हा चौघांची स्वयंपाकघरं एकावर एक आहेत आणि चारही खिडक्या एकाच अरुंद बोळकांडीत उघडतात. तिथे वर चमचा पडला तर खाली दचकायला होतं.

सिस्टर कामावरून सव्वासहाला यायच्या. हातपाय धुऊन सहा पस्तीसला कुकर चढवायच्या आणि सात वाजता ताटं घ्यायच्या. पंचवीस मिनिटांत वरण, भात, भाजी, पोळी. तुम्ही म्हणाल, यात कौतुक काय? कौतुक तयारीचं आहे. डाळ आणि तांदूळ सकाळी निघतानाच भिजवलेले. कणीक मळून डब्यात. भाजी आदल्या दिवशी चिरून फडक्यात गुंडाळलेली. संध्याकाळी कुकरमध्ये खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटा नाहीतर भोपळा. पहिली शिट्टी होईपर्यंत तवा तापलेला. दुसरीपर्यंत निम्म्या पोळ्या झालेल्या. तिसरीला गॅस बंद, आणि वाफ जिरेपर्यंत फोडणी. सिस्टर स्वयंपाकघरात धावत नसत. धावतो तो, ज्याने सकाळी डाळ भिजवलेली नसते. तिसऱ्या रांगेत बसलेल्या आमच्या घरातल्या सभासदांनी हे लक्षात घ्यावं. मान हलवू नका, लिहून घ्या.

हे मला इतकं तपशीलवार कसं माहीत? बोळकांडीतून ऐकून. वर कुकर ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला की मी माझा ठेवायचे. माझ्या कुकरची शिट्टी तेव्हाही वाजत नसे, नुसती फुसफुसायची. सिस्टरची तिसरी झाली की मी माझा गॅस बंद करायचे. गंमत अशी, की मी हे करते आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे. हवेचा दाब मला कोणी शिकवू नये, अशा समजुतीत मी होते.

आता पत्राकडे येते. नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी मी आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे तीन बस एकाच थांब्यावर एकाच मिनिटाला पोचल्या आणि पुढचा पाऊण तास एकही आली नाही. दिवसभर लोकांचं ऐकून घरी आले. डोकं ठणकत होतं. टेकले, आणि वरून शिट्टी झाली. आगारावरचा सगळा राग त्या शिट्टीवर निघाला. कागद घेतला आणि लिहिलं, "तिसऱ्या मजल्यावरून रोज सायंकाळी होणाऱ्या कर्कश आवाजाने रहिवाशांचे स्वास्थ्य बिघडत आहे, तरी बंदोबस्त व्हावा. एक त्रस्त रहिवासी." अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं.

होय, सिस्टर. मीच.

बसा, सिस्टर. अजून दीड पान आहे.

डाव्या हाताने लिहिताना मी एक गोष्ट विसरले. या इमारतीत डावखुरा माणूस एकच आहे आणि तो कात्रीही डाव्या हाताने चालवतो. मंडळाने पत्र फलकावर लावलं. सिस्टरनी डावीकडे कललेलं अक्षर पाहिलं, वर चौथ्या मजल्याकडे पाहिलं, आणि निकाल लागला. त्या दिवसापासून सिस्टरनी घातलेलं लोणचं दर वर्षी अख्ख्या इमारतीला मिळालं. काकांना मिळालं नाही. नऊ वर्षं. मला मात्र दर वर्षी बरणी आली, आणि तीसुद्धा मोठी. "ताई, तुम्हीच काय त्या सरळ बोलणाऱ्या," असं म्हणून सिस्टर ती माझ्या हातात द्यायच्या. लोणचं उत्तम असायचं. घशाखाली उतरताना थोडं अडायचं, तो दोष मी मोहरीला देत आले.

पत्रानंतर सिस्टरनी कुकर बंद केला आणि पातेल्यात शिजवायला लागल्या. शुक्रवारी मी कुकर चढवला आणि वाट पाहत बसले. सात झाले, सव्वासात झाले. कसली वाट पाहते आहे तेही कळेना. मग जळल्याचा वास आला. शनिवारी घाबरून लवकर उतरवला. आमचे हे पहिला घास घेऊन म्हणाले, "ही डाळ आहे की छर्रे?" रविवारी ते पाव घेऊन आले. सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यातली बायको दारात उभी. "काकू, सिस्टर आजारी आहेत का हो? आमच्या भाताची चार दिवस खीर होतेय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार घरांचा स्वयंपाक एका बाईच्या शिट्टीवर चालला होता! ज्या दिवशी सिस्टर छोले लावून सात शिट्ट्या करायच्या, त्या दिवशी बाकीच्या तिन्ही मजल्यांवर भाताची पेज व्हायची, आणि आम्ही वाण्याला बोल लावायचो.

मग मी काय केलं? वर जाऊन माफी मागितली? नाही. दुसरं पत्र लिहिलं, पुन्हा डाव्या हाताने. "शिट्टी पूर्ववत सुरू करण्यात यावी. तीनच." त्यावर सिस्टर जिन्यात काकांना काय म्हणाल्या, ते मी दाराआडून ऐकलं. "आधी तक्रार करायची आणि मग हुकूम सोडायचा? शिट्टी करीन, पण तुमच्यासाठी नाही. खालच्या पोरांचा भात बिघडतोय म्हणून." काका म्हणाले, "बरं." एवढंच.

काका का गप्प राहिले, हा प्रश्न मला नऊ वर्षं पडला होता. परवा मी त्यांच्या दुकानात जाऊन विचारलं. त्यांनी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवला आणि म्हणाले, "बाई, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा कोणी शोधला असता. भांडण वाढलं असतं, शिट्टी पुन्हा बंद झाली असती. मी एकटा माणूस, मला तरी कुठे कळतं भात कधी होतो ते? लोणच्यावाचून चालतं हो." मी म्हटलं, "पत्र माझं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?" तर म्हणाले, "'बंदोबस्त व्हावा' असं या इमारतीत दुसरं कोण लिहितं?"

काका, मागून हात हलवू नका. मी हे सांगणारच होते.

तर सिस्टर, तुमच्या निरोपाला मी काय बोलावं? तुम्ही किती जणांना सुया टोचल्या ते रुग्णालय सांगेल. मी एवढंच सांगते, की चार घरं बावीस वर्षं वेळेवर जेवली आणि त्यातल्या एकाही घराने तुमचे आभार मानले नाहीत. उलट एका घराने तक्रार केली. मुलीकडे तुम्हाला मोठं स्वयंपाकघर आहे म्हणे, आणि विजेची शेगडी. तिथे कोणाला शिट्टीचा त्रास झाला तर मला कळवा. मी उजव्या हाताने उत्तर देईन.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली होती. मी अकरा घेतली, त्यांनी दाढ काढताना ठेवतात तेवढाच संयम ठेवला, त्यांचे आभार. पाहुण्यांचे, मंडळाचे आणि खुर्च्या मांडणाऱ्यांचेही आभार. आजच्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते पोटात घालावं. नऊ वर्षांपूर्वीच्या लिहिण्याबद्दल मात्र सभेने घाई करू नये. ती क्षमा द्यायची की नाही हे दोनच माणसं ठरवतील. चहा घ्या.

मंडळाच्या वहीसाठी नोंद: सभेनंतर सिस्टरना मूळ पत्र फायलीतून काढून दिलं, खाली माझी सही करून. त्यांनी ते दोनदा वाचलं, "अक्षर अजून घाणच आहे, ताई," म्हणाल्या आणि पर्समध्ये ठेवलं. काकांना यंदाच्या लोणच्याची माझी बरणी दिली, न उघडलेली. सिस्टरनी त्यांना आणखी एक दिली. सिस्टरनी आपल्या कुकरची शिट्टी काढून आणली होती. मी हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही. काकांना. वरून खाली चांगली ऐकू येईल." शिट्टी एक, वापरलेली, काकांच्या कुकरला बसते याची खात्री केली. सोमवारी सहा पस्तीसला चौथ्या मजल्यावर कुकर चढला. शिट्ट्या पाच झाल्या. उरलेल्या तिन्ही घरांचा भात मऊ. तक्रार नाही.