सिरुसेरीतली पहिली वाढ

आमच्या मॅनेजरना 'थांबा' म्हणायची हिंमत सगळ्यात आधी एका बाईने केली, आणि ती माझी आई!

इथे दक्षिणेत, सिरुसेरीला आमच्या ऑफिसच्या गेटबाहेर दुपारी सेल्वीअक्काचा जेवणाचा ट्रक येतो. आई साताऱ्याहून आली होती, तिला तिथेच जेवायला नेलं. रांग काही हलेना. पुढची मंडळी ट्रकला टेकूनच जेवत होती, सांबारासाठी पुन्हा पुन्हा ताट पुढे करत होती, आणि अक्का बिचारी त्यांनाच वाढत बसली होती.

आईने पदर खोचला, सरळ ट्रकमध्ये चढली आणि अक्काच्या हातातला डाव घेतला.

"आधी सगळ्यांची पहिली वाढ होऊ दे! पंगतीची काही रीत असते की नाही?"

तेवढ्यात एक रिकामं झालेलं ताट पुन्हा पुढे आलं. आमचे मॅनेजर, रामनाथन सर!

"थांबा हो साहेब, मागच्या पोरांना अजून शीतही मिळालं नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतात?"

मी घाम पुसला. "सर, थांबा म्हणतेय."

आणि सर थांबले! शेवटच्या पोराला वाढून झाल्यावर आईने त्यांना स्वतः हाक मारली आणि दोन डाव सांबार जास्तच घातलं.

आई कधीच परत गेली. अक्काला मराठीचे दोनच शब्द येतात. परवा सरांचं ताट दुसऱ्यांदा पुढे आलं, तशी ती खिडकीतून कडाडली, "पयली वाढ!"

सर मुकाट बाजूला झाले.