कर्कटकाची नोंद

दि. २८/०४/२०२५

मी सौ. रतन गोपीनाथ म्हात्रे, वय ५२ वर्षे, धंदा नोकरी (शाळेत पर्यवेक्षिका), रा. डोंबिवली पूर्व, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

शीळफाट्याजवळील आमच्या शाळेत मागील वर्षापासून राज्य शासनाच्या निधीतून एक पोलीस शिपाई नेमलेला आहे. शिपाई विनीत मढवी येण्यापूर्वी फाटकासमोर मोटरसायकलवाले उभे राहत. मुली मागच्या दाराने घरी जात. आता पुढच्या दाराने जातात.

दि. ७/२ रोजी विनीत मला म्हणाले, "मॅडम, शाळेतल्या घटनांची नोंदवही कोरी आहे. साहेब विचारतात, तिथे वडापाव खायला जातोस का? असंच राहिलं तर मार्चनंतर निधी बंद." मी म्हणाले, "मग मुलांना मारामारी करायला सांगू?" आम्ही दोघे हसलो.

दि. ११/२ रोजी नववीच्या वर्गात सान्वी देवराम भोईर हिने बाकावरच्या जागेच्या भांडणातून शेजारणीवर कर्कटक उगारले. कोणाला लागले नाही. सान्वी म्हणाली, "मॅडम, ही रोज सरकते. आता मी खालीच पडणार." मी दोघींचे बाक बदलले. भांडण तिथेच मिटले.

त्या दिवशी विनीत रजेवर होते. नोंदवहीत मी लिहिले, 'विद्यार्थिनीकडून धारदार शस्त्राने हल्ल्याचा प्रयत्न.' तसे लिहायला मला कोणी सांगितले नव्हते. भूमितीचा तास होता, हे मी लिहिले नाही. नोंदीची प्रत पोलीस ठाण्यात जाते, हे मला ठाऊक होते. तेथून मुलीच्या घरी नोटीस जाईल, हे माहीत नव्हते. नावाचा रकाना रिकामा ठेवता आला असता.

दि. १०/३ रोजी सान्वीचे वडील नोटीस घेऊन शाळेत आले. म्हणाले, "भूमितीला कर्कटक नाही आणणार तर काय आणणार पोरगी? तुम्हीच सांगा ना, मॅडम." त्यांनी सान्वीला खडवलीला आत्याकडे ठेवले आहे. वार्षिक परीक्षेला ती बसली नाही. त्यांच्या अर्जावरून ही चौकशी आहे.

सदर नोंद खोटी आहे. ती रद्द करावी. रद्द झाल्यास शाळेतला शिपाई काढला जाईल, हे मला समजावून सांगितले आहे. तरी रद्द करावी.

सान्वीला नोंदीची माहिती होती का, असे विचारता सांगते की, नव्हती. दि. ३/३ रोजी निधीच्या मुदतवाढीचे पत्र आले. प्रार्थनेनंतर मी ते वाचून दाखवले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सान्वी पहिल्या रांगेत होती. तिच्या टाळ्या सर्वांत शेवटी थांबल्या.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. त्यातून मला काही कमी करायचे नाही.