नुसतं येऊन बस

…आणि वर मला काय सांगतो, ‘तुला काही करायचं नाही रे, तू नुसतं येऊन बस!’ अहो, नुसतं बसायला गेलेल्या माणसाला एका संध्याकाळी अकरा वेळा जिना चढायला लागतो का? तुम्हीच सांगा!

आणि जिना तरी कसला! तळघरात चाळीस खुर्च्यांचं नाट्यगृह, त्याच्यावर पुस्तकांचं दुकान, त्याच्यावर चित्रांचं दालन, आणि तिघांत मिळून हा एक जिना. इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकानं श्वास सोडायचा आणि दुसऱ्यानं तोवर धरून ठेवायचा!

सांगणारा कोण, तर दादा, माझा थोरला भाऊ. तीस वर्षं स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या त्यानं. आवाज असा, की इंजिनं दचकून रुळावर सरळ उभी राहायची. घरातसुद्धा तेच. ‘जेवण पंधरा मिनिटं उशिरा येत आहे, गैरसोयीबद्दल खेद आहे!’ की आतून वहिनी, ‘जेवण रद्द करण्यात आलंय म्हणावं!’ …मागल्या वर्षी त्याला झटका आला. हातपाय महिन्याभरात परतले. शब्द नाही परतले. ‘पा… पा…’ करायचा, आणि वहिनी ‘पाणी’ म्हणून पेला पुढे धरायच्या. डॉक्टरीणबाई रागावल्या, ‘तुम्ही बोलू नका. त्यांचं त्यांना सापडू दे.’ सांगायला काय जातं हो?

तर हा दादा, एकेक शब्द अडखळत परत मिळवून, आठ महिने तालीम करून, त्या तळघरातल्या नाटकात म्हातारा पहारेकरी. वाक्यं एकूण नऊ. आणि मी नुसतं येऊन बसायचं.

मी बसलो. चाळीस खुर्च्यांत एकटा. तेवढ्यात दिग्दर्शक आला. त्याला सगळे नियमराव म्हणतात. म्हणाला, ‘रंगमंचावर जितके, त्यापेक्षा समोर एक तरी जास्त हवा. नाहीतर प्रयोग नाही. आमच्या संस्थेचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे.’ नट चार. म्हणजे प्रेक्षक पाच. मी म्हटलं, ‘मी जाडा आहे, दोन धरा.’ ‘डोकी मोजतो आम्ही,’ म्हणाला!

पडद्याआड डोकावलो. दादा मिशी चिकटवून स्टुलावर बसलेला. माझ्याकडे बघून पाच बोटं वर केली, मग चार मिटली, आणि नुसता हसला. तुम्हाला सांगतो, ते हसू बघून मला कळलं, आज हा आल्या पावली घरी गेला, तर पुन्हा कुठे उभा राहायचा नाही.

मग काय! पळालो वर. पुस्तकवाल्या बाई म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक आहे हो दुकानात, कशी येऊ?’ गिऱ्हाईक म्हणजे उभेकाका. दोन वर्षं एकाच कपाटापाशी उभ्यानं वाचतात, घरी काही नेत नाहीत. मी म्हटलं, ‘काका, खाली चला, नुसतं बसायचंय.’ ते म्हणाले, ‘पान संपू दे.’ संपलं एकदाचं… तर खाली तळटीप!

त्याच्यावर गेलो. तिथे चित्रकार. ‘मी खाली गेलो आणि तेवढ्यात कुणी आलं तर?’ म्हटलं, ‘तीन दिवसांत कोण आलं?’ ‘एकजण आला होता. विजेचा मीटर बघायला. पण दोन चित्रांसमोर थांबला हं!’ शेवटी एकतीसच्या एकतीस चित्रं बघितली, सगळी करडी, अभिप्रायाच्या वहीत पहिल्या पानावर ‘धुकं छान जमलंय’ लिहिलं, तेव्हा उतरला. उतरता उतरता म्हणतो, ‘ते धुकं नाही, माझे वडील आहेत.’

मी, बाई, काका, चित्रकार. झाले चार. आणि पाचवं माणूस जिन्याच्या तळाशी पायरीवर. वहिनी! मांडीवर पाण्याची बाटली घट्ट धरून.

‘वहिनी, आत चला.’

‘नको भाऊजी. अडकले तर मला बघवायचं नाही. आणि मी न राहवून बोलून बसेन.’

म्हटलं, ‘वहिनी, तुम्ही नाही आलात, तर त्याला अडकायलासुद्धा मिळणार नाही.’

उठल्या.

आठ वाक्यं सुरळीत गेली हो! नववं. नाटकातला मालक दार लावायला निघतो. आणि पहारेकऱ्यानं म्हणायचं, ‘दार लावू नका. अजून कुणीतरी येईल.’ दादा म्हणाला, ‘दार लावू नका. अजून… अ…’

संपलं. थांबला.

इतकी शांतता, की दोन मजले वर चित्रकाराचे वडील खाकरले, तेही ऐकू आलं मला! दादाची मान ताठ, ओठ हलतायत, आवाज नाही. आणि वहिनी… एका हातानं स्वतःचं तोंड दाबलेलं, दुसऱ्या हाताची नखं माझ्या मनगटात. तो शब्द त्यांना ठाऊक होता. आठ महिने त्यांनीच पाठ करून घेतला होता. एवढा साधा शब्द, ओठांवर धरून बसल्या, पण दिला नाही. मी कळवळलो, पण हात नाही काढून घेतला.

‘कु… कुणीतरी,’ दादा म्हणाला. ‘कुणीतरी येईल.’

दहा हातांच्या टाळ्या त्या! माझा एक हात तर अजून वहिनींकडेच होता, आणि त्यांचा एक माझ्या मनगटावर, म्हणजे आठच म्हणा. चित्रकार रडत म्हणाला, ‘काय तो विराम! काय अभिनय!’ नियमराव म्हणाला, ‘दर प्रयोगाला एवढंच थांबायचं.’ दादानं मान डोलावली. वहिनींनी बाटली उघडली आणि पाणी स्वतःच प्यायल्या.

हे बघा, मनगटावर चार खुणा आहेत अजून. आणि पुढे ऐका! नाटक एवढं रंगलं, की नियमरावानं एक पात्र वाढवलंय. दारात नुसता उभा राहणारा माणूस. कुणाला घेतलं? उभेकाकांना! सराव आहे म्हणे त्यांना. म्हणजे नट झाले पाच, प्रेक्षक हवेत सहा, आणि होते पाच, त्यातला एक गेला रंगमंचावर!

…तुम्ही शनिवारी संध्याकाळी काय करताय? नाही, तसं काही करायचं नाही हो. नुसतं येऊन बसायचं.