हद्दीपलीकडची बोट

मी थापाड्या खराच. पण बंदर-कचेरीतल्या बाकावरचं सासरा-सुनेचं हे बोलणं पदरचं काही न घालता सांगतो.

"मामंजी, गस्तीनौका सकाळपासून ह्या वादळात ह्यांना शोधतेय. बोटीचा ट्रॅकर बंद आहे म्हणतात."

"मीच बंद करायला सांगितलं होतं."

"का?"

"त्याच गस्तीनौकेला चुकवायला. मासळी हद्दीपलीकडे, त्या बुडालेल्या जहाजापाशी दाट असते, सूनबाई."

"म्हणजे ते लोक भलतीकडेच शोधतायत! उठा, खिडकीवर जाऊन सांगा."

"परवाना जाईल. बोट जप्त करतील गं!"

"जप्त करायला आधी सापडायला तर हवी! वादळ काय तुमचा परवाना बघणार आहे?"

"हात धर. चल खिडकीवर."

"धरला. बोला."

"साहेब, आमची बोट हद्दीपलीकडे आहे, बुडालेल्या जहाजापाशी. लवकर पकडा हो तिला!"