भिंतीतली लाईट

नाही लाईटवाले भाऊ, त्या भिंतीले खिळा नका ठोकू — दारापाशी ठोका, मीटर तिकडं बसवा, पण ह्या पश्चिमेच्या भिंतीले नको. हात लावून पाहा. पोळला ना? अकोल्याचं ऊन हाय, दिवसभर पिते भिंत अन् दिवेलागणीनंतरबी ओकत रायते. ऊन जास्त धरावं म्हणून आमच्या ह्यांनी, मास्तरांनी, काजळी फासली तिले. अन् ह्या तारा — एक तांब्याची, एक लोखंडाची, पीळ देऊन एक टोक भिंतीत, दुसरं ह्या माठाच्या पाण्यात. एक गरम, एक थंड, की तारेत वीज चालते म्हणे. शाळेत सायन्स शिकवतात ना ते. चालते का? चालते — शाळेतून आणलेल्या यंत्राचा काटा जरासा हालते. बल्ब? बल्ब नाही लागला. आणखी तारा पायजेत, म्हणतात. रोज भिंत फोडतात, रोज लिंपतात.

काहून म्हणजे? गल्लीत कोणी सांगतलं नाही तुमाले? आमची कुंदा मॅट्रिकले होती, छप्पनची गोष्ट. अभ्यासाले बसली अन् रॉकेलची चिमणी लवंडली, पातळ पेटलं. दवाखान्यात नेलं, पण नाही वाचली पोरगी. तुमची लाईट तवा मोठ्या रस्त्यावरच थांबली होती. तवापासून ह्या घरात दिवा नाही. उजेड हाय तोवर जेवतो, चूल विझवतो, अन् मंग बसतो.

मी म्हटलं, आता खांब दाराशी आला, घ्या ना लाईट. तं म्हणे, "तिच्या वक्ती आली नाही, ती मले नको." अन् भिंतीकडं पाहत म्हणतात — "कौशल्या, ऊन तं तवाबी पडत होतं हिच्यावर. मी पोराईले फळ्यावर काढून शिकवत होतो हेच. घरात नाही केलं." सांगा, तुमी तं लाईटचे मानूस — ह्या तारांनं लागन का कधी बल्ब?

असं खाली नका पाहू भाऊ.

तुमाले मीच बोलावलं. त्यायले माहीत नाही. अंधाराचं भेव नाही मले — पण अंधारात ते भिंतीले पाठ लावून बसतात, ह्या मे महिन्यात, पाठ भाजते तरी उठत नाहीत. घरात उजेड झाला तं उठतीन, असं वाटलं मले — बाकी काय करू, माह्या हातात दुसरं काय हाय —

थांबा. सायकल वाजली. आले ते. शिडी उचला, पाया पडते तुमच्या — नाही हो, कोणी नाही, हे भाऊ नत्थुजीचं घर विचारून राहिले — पुढं हाय, पुढं, जा तुमी.